बाबनरावांचा अठरा इंची पंखा

गोळीबार चौकातल्या बाबनराव धकाते यांनी जगातल्या माणसांची दोनच भागांत वाटणी करून टाकली होती. हवा कळणारे आणि हवा न कळणारे. पहिल्या भागात ते एकटे होते. दुसऱ्या भागात उरलेलं नागपूर होतं, आणि त्यात इंजिनियर, डॉक्टर, वकील, सासरची माणसं असा कुठलाही भेदभाव नव्हता. एखाद्या साहेबाच्या बंगल्यात कूलर बसवून आले की रात्री जेवताना ते त्याचं वर्णन करत, "माणूस भला आहे, पण बारा इंची आहे." म्हणजे त्याची अक्कल बारा इंची पंख्याच्या पलीकडे जात नाही. अठरा इंची ही त्यांच्याकडची सगळ्यात वरची पदवी होती, आणि ती त्यांनी कोणाला बहाल केल्याचं ऐकिवात नाही.

हवेचं हे वेड आलं कुठून, तर जिथं हवा नव्हती तिथून. बाप विणकर. घरात खड्डामाग. मागाच्या खोलीत वाऱ्याला बंदी असते, कारण वारा लागला की ताणा सुकतो आणि सुकलेलं सूत तटातट तुटतं. म्हणून खिडकी बंद, दार ओढलेलं, जमिनीवर पाणी मारलेलं. त्या वाफेत बाप खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणतो आहे, आई कांड्या भरते आहे आणि पोरगा बाबन दाराच्या फटीला नाक लावून बसला आहे. फटीतून येणारी बोटभर हवा, हेच त्यांचं बालपण. एकदा बापानं त्यांना तिथून उचललं, थापड दिली आणि फटीत चिंधी कोंबली. मोठेपणी त्यांना थापड आठवत नसे. चिंधी आठवे.

पुढे मागच बसला. गिरणीच्या साड्यांपुढे हातमागाच्या लुगड्याला कोण विचारतो? एक भाऊ शाळेत शिपाई झाला, एक सायकलरिक्षा ओढू लागला, आणि बाबनराव इतवारीत पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याकडे लागले. त्या दुकानात एकदा कोणीतरी कूलरची पेटी करायला टाकली. तीन बाजूंना ओल्या गवताच्या जाळ्या, पोटात पंखा, पंखा मागची हवा ओल्या गवतातून ओढतो आणि समोर गार करून फेकतो. पेटी पुरी झाली, दुकानात चालवून पाहिली, आणि बाबनराव तिच्यासमोर उभे राहिले ते मालकानं शिव्या देईपर्यंत हललेच नाहीत. मुळात अंगानं काडी. हवेनं ते थोडे मागे कलले होते, पण चेहरा आरतीत उभ्या असलेल्या माणसाचा होता.

नागपूरच्या माणसाचं उन्हाशी नातं मोठं गमतीचं. तो दिवसभर उन्हाला शिव्या घालील, पण अकोल्याचा पारा आपल्यापेक्षा अर्ध्या अंशानं वर गेल्याचं वाचलं की त्याचा अपमान होतो. कूलर घेतानाही तो थंडावा पाहत नाही, जोर पाहतो. खिशातून रुमाल काढायचा, पंख्यापुढे धरायचा, आणि रुमाल आडवा होऊन फडफडला की मान हलवायची. रुमाल नुसता हलला तर कूलर परत. जोराचा पंखा ओल्या गवतातून हवा इतक्या घाईनं ओढतो की तिला गार व्हायला सवड मिळत नाही, शिवाय गवतातलं पाणी उडून थेंब तोंडावर येतात. पण तोंडावर थेंब उडाले की गिऱ्हाईक जास्तच खूश. हे शहर आणि बाबनराव एकमेकांसाठीच बनलेले होते.

फक्त एका मे महिन्यात गणित चुकलं. बाबनराव रामदासपेठेत बंगल्या-बंगल्यांत कूलर बसवत फिरत होते. भर हंगाम, घरी यायला दिवेलागण होई. घरात एक टेबलफॅन होता, त्याची मान मोडलेली असल्यामुळं तो कायम भिंतीकडे पाहत असे. बायको अनुसया दुपारी नळावरून पाणी घेऊन आली, भिंतीला टेकून बसली, आणि मग तिला नीट बोलता येईना. शेजारच्या मैनाबाईनं कांदा फोडून तळव्यांना चोळला, कैरीचं पन्हं पाजायचा प्रयत्न केला. बाबनरावांना निरोप पोचला तेव्हा ते एका वकिलाच्या शिडीवर होते. ते घरी आले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेरवीच्या आधी त्यांनी घरात कूलर बसवला. अठरा इंची, मिनिटाला चौदाशे फेऱ्यांचा. मैनाबाई म्हणाली, "आता कोणासाठी गा, बाबन?" बाबनरावांनी आठ वर्षांच्या लेकीकडे, प्रेमिलाकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून ती पोरगी वादळातच वाढली. वह्यांवर दगड ठेवल्याशिवाय तिला अभ्यास करता येत नसे. ताटातली पोळी उडू नये म्हणून वाटीनं दाबावी लागे. नाक बाराही महिने चोंदलेलं. "बाबा, थोडा हळू करा ना," असं ती कधी म्हणालीच तर बाबनराव तिच्याकडे असं पाहत की ती पुन्हा शाल ओढून घेई. त्या घरात पंखा हळू करणं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हीच प्रेमिला बी.एस्सी. झाली आणि रामदासपेठेत रविंद्र नावाच्या तरुणाच्या कॉम्प्युटर सेंटरवर कामाला लागली. सेंटर म्हणजे बंगल्याचं गॅरेज. त्याच्या बापाची मोटार विकली गेली होती, तिच्या जागी आता कॉम्प्युटर होता, आणि त्याचा थाट मोटारीपेक्षा मोठा होता. चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही, काम झालं की मखमली झूल घालायची. नैवेद्य तेवढा दाखवत नसत.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी प्रेमिला जेवताना म्हणाली, "बाबा, आमच्या मशीनले ताप येऊन राहिला."

बाबनरावांचा घास थांबला. "कोणत्या मशीनले?"

"कॉम्प्युटरले. त्याच्या पोटात एक छोटासा खडा असते, क्रिस्टल म्हणतेत. तो ठेका देते अन् त्या ठेक्यावर मशीन काम करते. रविंद्रसरांनी मुंबईहून जलद ठेक्याचा खडा आणून बसवला. काम लवकर होते, पण मधातली चिप तापते. बारा वाजले का पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थिजतेत. मंग बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा पह्यल्यापासून."

"मंग जुना खडा काहून नाही लावत?"

"जुन्यानं काम पुरं होत नाही ना, बाबा. एका शिक्षण संस्थेच्या सगळ्या शाळांच्या मास्तरांचे पगार काढाचे आहेत. महिनाअखेर दिले तर संस्था वर्षभराचं काम देणार. मंग माही नोकरी पक्की." तिनं पोळीचा तुकडा मोडला. "नाही दिले तर सर मले ठेवू शकत नाहीत. मंग मी पुण्याले जाते. मैत्रिणीची कंपनी बोलावून राहिली."

पुणे! बाबनरावांनी पाण्याचा गडू उचलला आणि न पिताच खाली ठेवला. घरात तेव्हा दोनच माणसं होती. त्यांतलं एक पुण्याला गेलं तर किती उरतात हे काढायला कॉम्प्युटर लागत नव्हता.

"खोलीत एसी नाही का?"

"आहे, पण व्होल्टेज कुठी आहे? चालू केला का बसते."

"उद्या मी येतो," बाबनराव म्हणाले. "हे हवेचं काम आहे. यात तुह्यं बी.एस्सी. चालत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजच्या दाराशी चपला काढल्या, टोपीही काढली, आणि आत जाऊन कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवला. वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटले. रविंद्र हा तिशीतला उत्साही मुलगा, जगात जे जे हळू चालतं ते पाहून ज्याचा जीव तळमळतो अशांपैकी. तो श्वास रोखून पाहत होता.

"आग आहे," बाबनराव म्हणाले. "याले हवा कुठून मिळते?"

"काका, मागं जाळी आहे बघा. तिच्या आत छोटा पंखा आहे."

बाबनराव वाकले. मागं जाळी, जाळीआड बोटभर पात्यांचा पंखा. त्यांना हसू फुटलं. "एवढासा? हा तर माशीले वारा घालाचा पंखा आहे, बाप्पा!"

आणि इथंच ती चूक झाली. कूलर मागून हवा घेतो आणि पुढून फेकतो. अर्ध्या आयुष्यात बाबनरावांनी मागची जाळी पाहिली ती हवा आत घेणारीच. कॉम्प्युटरचा कारभार नेमका उलटा होता. समोरच्या फटींतून हवा आत यायची, तापलेल्या चिपेवरून जायची, आणि मागचा तो इवलासा पंखा ती गरम हवा बाहेर काढून टाकायचा. पण कूलरवाल्यानं जाळी पाहिली आणि त्याच्या मनात तिची दिशा ठरून गेली.

त्यांनी बेत सांगितला. खिडकीबाहेर कूलर, आणि कूलरच्या तोंडापासून थेट त्या जाळीपर्यंत पत्र्याचा बोगदा. सगळी गार हवा सरळ मशीनच्या पोटात. उरलेली खोलीला.

"वा काका!" रविंद्र टाळी वाजवायचाच बाकी होता.

प्रेमिलानं ओढणीच्या काठाचं एक सूत तोडलं आणि जाळीसमोर धरलं. सूत बाहेरच्या बाजूला उडू लागलं.

"बाबा, पाहा ना. इथून हवा बाहेर येऊन राहिली."

"बाहेर येऊन राहिली म्हणून तर आत ढकलाची आहे!" बाबनराव म्हणाले. "तो बिचारा आत घेऊ पाहून राहिला, पण त्याच्यात दम नाही. म्हणून उलटी फेकते. म्हताऱ्याचा श्वास असते ना, तसा."

"पण बाबा, तो पंखा बसवलाच तसा असन तर?"

"प्रेमिला, तू पाळण्यात होती तेव्हापासून मी हवा करून राहिलो वं."

रविंद्र हसला. "प्रेमिला, काकांना शिकवतेस?"

प्रेमिलानं सूत बोटाला गुंडाळलं. बाबा तिच्या कामाच्या जागी पहिल्यांदा आले होते. चपला काढताना त्यांनी पाय पायजम्याला पुसलेले तिनं पाहिले होते.

गंमत अशी की खोलीच्या बाबतीत बाबनराव पक्के होते. कूलर बसवताच त्यांनी वरचा झरोका उघडायला लावला. "आलेल्या हवेले जायाले वाट पाहिजे, नाहीतर कूलर म्हणजे नुसतं भिजकं पोतं," हे त्यांचं वाक्य सगळ्या रामदासपेठेला पाठ होतं. मोठ्या खोलीचं जे कळत होतं ते छोट्या पेटीचं मात्र कळलं नाही. माणसाचं असंच असतं. सगळ्या गल्लीला शहाणपण सांगणारा आपल्या घराची कडी आतून लावून बसतो.

पहिला पंखा बारा इंची. मशीन बारा वाजता थिजायचं ते साडेअकराला थिजलं. बाबनराव म्हणाले, हवा कमी पडली. दुसऱ्या दिवशी पंधरा इंची. मशीन अकराला थिजलं. आतला छोटा पंखा बाहेर ढकलत होता, बोगद्यातला मोठा पंखा आत ढकलत होता, आणि दोन सांडांच्या झुंजीत मधलं शेत तुडवलं जावं तशी गरम हवा मधल्या मध्ये चिपेवर बसून राहिली. प्रेमिलानं पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

"बाबा, एकदा कूलर बंद करून पाहू. फक्त आजच्या दिवस."

"बंद?" बाबनरावांचा आवाज बदलला. "मे महिन्यात? एकदा हवा कमी पडू दिली होती म्या. तुले माहीत नाही का?"

अनुसया गेल्यापासून त्या घरातला प्रत्येक वाद याच भिंतीला येऊन आपटे.

महिना संपत आला. निम्म्याच्या वर शाळा राहिल्या होत्या. बाजारात चांगला पंखा मिळेना, भर हंगाम. तेव्हा बाबनरावांनी सकाळी उठून घरच्या कूलरचा पंखा काढला. तोच, अठरा इंची, चौदाशे फेऱ्यांचा. सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधला आणि रामदासपेठेत नेला. मैनाबाई ओट्यावरून ओरडली, "अरे, लेकीच्या डोक्यावरची हवा कुठी घेऊन चालला गा?" ते म्हणाले, "लेकीसाठीच नेऊन राहिलो."

त्या दिवशी सकाळीच पारा चढला होता. बाबनरावांनी गवत चिंब केलं, पाणी सोडलं आणि पंखा सुरू केला. गॅरेज थरथरलं. भिंतीवरचं कॅलेंडर उडून कोपऱ्यात पडलं. आणि ओल्या गवतातलं पाणी, जे सगळ्या गिऱ्हाइकांच्या तोंडावर उडायचं आणि त्यांना फार आवडायचं, ते बोगद्यातून सरळ मशीनच्या पाठीवर गेलं.

फाट् असा आवाज झाला. पडदा काळा झाला. निळसर धूर जाळीतून आला आणि बोगद्याच्या हवेनं तोही पुन्हा आतच ढकलला.

रविंद्र बंगल्यात जेवायला गेला होता. खोलीत दोघंच होती. बाबनराव हातात पाना धरून उभे होते. प्रेमिलानं आधी कूलर बंद केला. मग स्क्रू काढून मशीनचं झाकण उघडलं. आत सगळीकडे थेंब होते. तिनं त्या थेंबांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि ओढणीच्या टोकानं ते एकेक टिपून घेतले. मग ड्रॉवर उघडून त्यातला तिसरा खडा काढला. "हा फार जलद आहे, हा कोणी लावायचा नाही," असं सांगून रविंद्रनं ठेवलेला. तो तिनं आधीच्या खड्याच्या जागी दाबून बसवला.

"काय करून राहिली वं?" बाबनराव म्हणाले.

"बाबा, तुमी गप राहा."

रविंद्र धावत आला. प्रेमिला म्हणाली, "सर, तो तिसरा खडा मी लावला होता. तुम्हाला न विचारता. काम संपत नव्हतं म्हणून."

रविंद्रनं खडा पाहिला. पांढरा पडला आणि खुर्चीवर बसला. "प्रेमिला, मी सांगितलं होतं ना?" एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. निदान त्या आवाजात बाबनरावांना तोंड उघडता आलं असतं.

घरी जाताना बाबनराव सायकल हातात धरून चालत होते. प्रेमिला बाजूनं चालत होती. ते म्हणाले, "काहून केलं?"

"त्यात काय, बाबा? मले पुण्यात काम भेटते. तुमचा कूलर कॉम्प्युटर जाळते असं रामदासपेठेत झालं तर तुमाले या वयात कोण काम देणार?"

"मी उद्या सांगतो त्याले."

"काही सांगू नोका."

दुसऱ्या दिवशी ते सांगायलाच गेले होते. बोगदा काढायचं निमित्त होतं. पण गॅरेजमध्ये संस्थेचे सेक्रेटरी बसलेले. गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या सफारीतले. रविंद्रनं मित्राकडून दुसरं मशीन भाड्यानं मिळवलं होतं. सेक्रेटरींनी त्याच्याकडून झाली हकिकत ऐकून मुदतही वाढवून दिली. मग म्हणाले, "पण ती मुलगी पुन्हा मशीनजवळ दिसता कामा नये. न विचारता हात घालणारा माणूस मला नको. हे मान्य असेल तर काम तुमचं."

रविंद्रनं मान खाली घातली. बाबनराव खिडकीपाशी पाना धरून उभे होते. सगळं त्यांच्यासमोर चाललं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, पोरीनं नाही, म्या जाळलं. वाक्य तोंडाशी आलंही.

तेवढ्यात सेक्रेटरी त्यांच्याकडे वळले. "कूलर तुमचा का? मघाशी चालू होता तेव्हा काय हवा होती हो! आमच्या ऑफिसला असेच चार पाहिजेत. कराल?"

बाबनराव म्हणाले, "हो साहेब."

ते एवढंच बोलले. पुढं कितीतरी दिवस ते स्वतःला समजावत राहिले की तो "हो" कूलरसाठी होता.

प्रेमिलाची गाडी दुपारची होती. स्टेशनवर फलाटाचा दगड पायाला चटका देत होता. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. बाबनरावांनी तिची ट्रंक बाकाखाली सरकवली, मग उगाच बाहेर काढून पुन्हा सरकवली. मग फलाटावर उतरून खिडकीशी उभे राहिले.

"पुण्याची हवा चांगली असते म्हणतेत," ते म्हणाले.

"हो, बाबा. पंखासुद्धा लागत नाही म्हणे."

हे तिनं त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. बाबनराव खिडकीचे गज पाहत राहिले. पंखा लागत नाही अशा गावात पोरगी चालली होती. तिथं तिला द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

"प्रेमिला, तो पंखा म्या..."

"बाबा, छागल भरून आणता?" तिनं कापडी पाण्याची पिशवी खिडकीतून पुढं केली.

नळावर रांग होती. छागल भरून ते परत आले तोवर गाडीनं धक्का दिला होता. चालत्या गाडीबरोबर धावत त्यांनी पिशवीचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला. प्रेमिला काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या शिट्टीत ते ऐकू आलं नाही. ती हात हलवत होती की उन्हापासून डोळे झाकत होती, हेही त्यांना नक्की कळलं नाही.

स्टेशनवरून ते घरी गेले नाहीत. सायकल घेऊन सरळ रामदासपेठेत गेले. गॅरेजच्या दाराशी चपला काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. रविंद्र बाहेर आला.

"रविंद्र, मशीन माह्या पंख्यानं जळलं. आतमंदी पाणी गेलं होतं. तिनं पुसलं. खडा नंतर लावला, मले वाचवाले."

रविंद्र त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याला राग आला नव्हता, आणि तेच बाबनरावांना सोसवेना.

"काका," तो म्हणाला, "मीही तुमच्या बोगद्यावर टाळ्या पिटत होतो. माझाही दोष आहेच. पण हे कळलं असतं तर मी सेक्रेटरींच्या पायाशी बसलो असतो. चूक प्रेमिलाची नाही, माझी आहे, असं सांगून तिला ठेवून घेतलं असतं. माझ्याकडे तिच्यासारखं काम करणारं कोणी नव्हतं."

"आता?"

रविंद्रनं आत पाहिलं. भाड्याच्या मशीनपुढे एक नवी मुलगी बसली होती. "आता मी हिला शब्द दिला आहे."

"हव," बाबनराव म्हणाले. "बरोबर आहे."

"तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात, काका? तुम्ही तर तिथंच उभे होतात."

बाबनरावांना सांगायला पुष्कळ होतं. अनुसया होती, मोडक्या मानेचा टेबलफॅन होता, भर हंगाम होता, चार कूलरचा शब्द होता. यांतलं एकही कारण म्हणून पुढं करवेना.

"वाटलं, उद्या सांगीन," ते म्हणाले.

आतून त्या नव्या मुलीनं आवाज दिला, "सर, दार लावा ना जरा, झळ आत येऊन राहिली." रविंद्रनं अवघडून बाबनरावांकडे पाहिलं. बाबनराव दाराच्या बाहेर होते. त्यांनी हात पुढं केला आणि दार आपल्याच हातानं ओढून घेतलं.